आजोबा बंडात होते का?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका वाचक भगिनींचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन त्याचा सारांश देतो.

गेल्या वर्षी त्यांचे वडील वारले आणि गुहागर तालुक्यातल्या घरातली एक पत्र्याची ट्रंक त्यांच्याकडे आली. आजोबांनी १९४२ ते १९४६ या काळात नौदलातून घरी पाठवलेली साठेक पत्रे तीत आहेत. आजीला लिहिलेली पत्रे बालबोध लिपीत आहेत, पणजोबांना लिहिलेली मोडीत. आजोबा नौदलाच्या बंडात सामील होते आणि त्यामुळेच इंग्रजांनी त्यांना काढून टाकले, असे त्या लहानपणापासून वडिलांकडून ऐकत आल्या. आजीची पत्रे वाचायला घेतल्यावर मात्र त्यांची निराशा झाली. त्यांत युद्ध जवळजवळ नाहीच. मनीऑर्डर पोहोचली का, भात किती झाले, छप्पर शाकारले का, म्हैस व्याली का, एवढेच. पत्ता सगळीकडे मुंबईचा. मार्च १९४६ च्या एका पत्रावर ‘अकबर, ठाणे’ असे आहे आणि त्यात बंडाबद्दल फक्त एक ओळ आहे: ‘इकडे थोडी गडबड झाली होती, आता शांत आहे. मी सुखरूप आहे, काळजी नसावी.’ ऐरोलीला राहणाऱ्या चुलतभावाने दोन पत्रांची छायाचित्रे ‘आमचे स्वातंत्र्यसैनिक आजोबा’ या मथळ्याखाली कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली असून तो आता पुस्तिका छापायच्या तयारीत आहे. कळव्याची ऐंशी ओलांडलेली आत्या म्हणते की नवरा-बायकोची पत्रे लेकरांनी वाचू नयेत, ती खाडीत सोडून द्यावीत. भगिनी विचारतात: ‘उरलेली पत्रे वाचू की नको? आजोबा बंडात नव्हते हे घरात कसे सांगू? आणि ते शेवटी इंग्रजांसाठीच लढले असतील तर त्याचा अभिमान धरायचा की नाही?’

नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्न आधी घेतो, कारण त्यात तुम्ही निकाल देऊनच टाकला आहे. ‘आजोबा बंडात नव्हते’ हे तुम्ही ज्या एका ओळीवरून ठरवले, तिच्यावर एवढा भार टाकता येतो का, ते पाहू. त्या पत्राची तारीख मार्च १९४६ ची आहे. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात १८ फेब्रुवारीला खलाशांनी निकृष्ट अन्न, अधिकाऱ्यांची शिवीगाळ आणि युद्धानंतर पुढे काय या अनिश्चिततेमुळे काम आणि जेवण दोन्ही नाकारले. बघता बघता मुंबईतली जहाजे आणि किनारी तळ, मग कराची आणि इतर बंदरे त्यात ओढली गेली. आणि २३ फेब्रुवारीला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, संप समितीने माघार घेतली. कोणावर सूड उगवला जाणार नाही असा दिलासा त्या वेळी मिळाला होता, पण प्रत्यक्षात धरपकड झाली आणि अनेकांची नोकरी गेली. तुमच्या आजोबांनी पत्र लिहिले ते या दिवसांत. जबान्या घेतल्या जात आहेत, कोण कोणाचे नाव सांगेल याचा भरवसा नाही, अशा वेळी तळावरून घरी पाठवायच्या कागदावर ‘मीही होतो’ असे लिहिणारा माणूस एक तर फार धाडसी म्हणायचा किंवा फार बेफिकीर. ‘थोडी गडबड झाली होती’ हे शब्द बंडात नसलेल्या माणसाचे असू शकतात, आणि बंडात असून घरच्यांना घोर लावायचा नाही असे ठरवलेल्या माणसाचेही असू शकतात. ओळीवरून या दोघांत फरक करता येत नाही.

पत्ता मात्र पुष्कळ बोलतो. ‘अकबर’ हे जहाज नव्हते. नौदलाच्या किनारी तळांनाही जहाजांसारखीच नावे देत, आणि एचएमआयएस अकबर हा तळ ठाण्याजवळ कोलशेतला होता. घोडबंदर रस्त्याने जाता-येता तुम्हाला कोलशेतचा फाटा लागतच असेल. आज त्या परिसरात उंच इमारती आहेत म्हणून हे सहसा कोणाला आठवत नाही. फेब्रुवारी १९४६ चा संप ज्या किनारी तळांवर पसरला, त्यांत अकबर होता. आजोबा मार्चमध्ये तिथे होते, एवढे पत्र सांगते. ते फेब्रुवारीतही तिथेच होते का, हे पत्र सांगत नाही. पण फेब्रुवारीचे एखादे पत्र किंवा सेवानोंद सांगू शकेल.

समजा, होते. तरी ‘बंडात होते का’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही इतके सरळ येणार नाही. ज्या तळावर सगळ्यांनी मिळून काम थांबवले, तिथे सामील होणे म्हणजे नेमके काय? घोषणा देत मुंबईच्या रस्त्यावर उतरणारा सामील होता, हे उघड आहे. सकाळच्या रांगेत उभा न राहणारा, ताट परत करणारा, बराकीत बसून राहणारा, मनातून घाबरलेला पण सोबत्यांना सोडून कामावर न गेलेला, हे सगळे कोणत्या बाजूला मोजायचे? नौदलात हुकूम न पाळणे हा स्वतःच गंभीर गुन्हा होता, हे लक्षात घेतले तर नुसते बसून राहणेही किरकोळ ठरत नाही. ‘बंडवाले’ म्हणजे भाषण करणारे चार-दोन पुढारी आणि बाकीचे बघे, अशी आपली समजूत आजच्या मोर्चांवरून झालेली आहे. नौदलाच्या शिस्तीत बघ्याची जागाच नसते.

तुमच्या वडिलांच्या हकिगतीचा दुसरा भाग, म्हणजे ‘काढून टाकले’, हाही तपासून पाहायला हवा. युद्धकाळात रॉयल इंडियन नेव्ही अनेक पटींनी वाढली होती. फार मोठी भरती केवळ युद्धापुरती होती, आणि युद्ध संपताच त्या माणसांना घरी पाठवण्याचे काम सुरू झाले. म्हणून १९४६ साली नौदलातून बाहेर पडलेला कोकणातला तरुण शिक्षा होऊनही बाहेर पडलेला असू शकतो आणि मुदत संपली म्हणूनही. आजोबा फेब्रुवारीत संपाच्या तळावर होते, आणि त्याच वर्षी घरी परतले. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तिसरी, ‘संपामुळे परतले’, ही सांगणाऱ्याला कळायच्या आत जुळून जाते. तुमचे वडील खोटे बोलले असे म्हणायची काहीच गरज नाही. त्यांना ते तसेच सांगितले गेले असेल, कदाचित आजोबांनीच, आणि तेही खरे असू शकेल. सुटकेचे कारण सेवा प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. ट्रंकेच्या तळाला, कापडाच्या घडीत, जमिनीच्या कागदांत असा एखादा घडी घातलेला इंग्रजी कागद आहे का, ते आधी बघा. तुम्ही पत्रांबद्दल दोन पाने लिहिली आहेत, पण ट्रंकेत आणखी काय आहे याबद्दल एक शब्दही नाही.

आता पत्त्याचा दुसरा गैरसमज. सगळ्या पत्रांवर मुंबई आहे म्हणून आजोबा युद्धभर मुंबईतच बसून होते, असे तुमच्या चुलतभावाचे म्हणणे दिसते. युद्धकाळात खलाशाला आपल्या जहाजाचे ठिकाण लिहिता येत नसे. जहाज कुठे आहे, कुठून आले, कुठे निघाले, बरोबर कोणती जहाजे आहेत, यातले काहीही पत्रात आले तर ते खोडले किंवा कापले जाई. टपाल ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ अशा पत्त्यावरून फिरे आणि तिथून जहाजांकडे जाई. त्यामुळे मुंबईचा पत्ता असलेला माणूस लाल समुद्रातही असू शकतो आणि बंगालच्या उपसागरातही. या नौदलाने युद्धात काय केले याची कल्पना नसल्यामुळे आपण ते किनाऱ्यालगतच्या गस्तीपुरते धरून चालतो. एप्रिल १९४२ मध्ये ‘इंडस’ हे जहाज जपानी विमानांनी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर अक्याबजवळ बुडवले. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगाल’ या छोट्याशा सुरुंगशोधक नौकेने एका डच तेलवाहू जहाजाबरोबर दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतले एक बुडाले. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत ‘सतलज’ आणि ‘जमना’ होत्या. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानच्या खाड्यांत ‘नर्बदा’ आणि ‘जमना’ तोफा डागत होत्या आणि उतरण-नौका सैनिकांना चिखलात उतरवत होत्या. तुमचे आजोबा यांपैकी कुठे होते, किंवा कुठेच नव्हते, हे आज मला सांगता येणार नाही. पण ‘मुंबईत बसून होते’ असेही कोणी म्हणू नये.

ठिकाण शोधण्यासाठी पत्रांचा मजकूर कमी आणि पत्रांमधली अंतरे जास्त उपयोगी पडतील. सगळ्या पत्रांच्या तारखा एका वहीत क्रमाने लिहून काढा. जिथे दर पंधरवड्याला पत्र येत होते तिथे अचानक तीन महिने काहीच नाही, आणि मग एकाच आठवड्यात तीन पत्रे, असे दिसले तर मधल्या काळात जहाज समुद्रावर होते असा अंदाज बांधता येतो. अर्थात मधली पत्रे हरवलेलीही असू शकतात, म्हणून हा अंदाजच. १४ एप्रिल १९४४ च्या आसपासची पत्रे वेगळी काढा. त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि गोदीचा भाग बेचिराख झाला. सरकारने बातमी दाबायचा प्रयत्न केला तरी मुंबईतल्या प्रत्येक कोकणी माणसाच्या घरी ती पोहोचलीच. त्या दिवसांत आजोबा मुंबईत असतील तर ‘मी ठीक आहे’ असे घाईने लिहिलेले चार ओळींचे पत्र असण्याचा संभव मोठा आहे. पुढच्या एखाद्या पत्रात ‘स्फोटाचे ऐकले, आपले लोक कसे आहेत’ अशी विचारपूस असेल तर ते दूर होते. कागदाचा एखादा पट्टा ब्लेडने कापलेला असेल तर पान उलटे करून बघा. सेन्सॉर पुढची ओळ कापतो तेव्हा मागची निरुपद्रवी ओळही तिच्याबरोबर जाते, आणि मागच्या बाजूला तुटलेल्या वाक्यांवरून निदान विषय लक्षात येतो. या गोष्टी ज्यांच्या घरी कोणत्याही दलातली युद्धकालीन पत्रे आहेत, त्या सगळ्यांना करता येतील.

मग मजकुरात उरते काय? मनीऑर्डर, भात, छप्पर, म्हैस. तुम्ही हे निराशेने लिहिले आहे, आणि मला नेमके इथेच थांबावेसे वाटते. पत्र कोणाला लिहिलेले आहे हे विसरून आपण ते वाचतो, जणू ते ऐंशी वर्षांनी आपल्यासाठीच लिहिले होते. पणजोबांना लिहिताना ‘ती. बाबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ इथून सुरुवात करणारा मुलगा तोफांचा आवाज कसा होता हे सांगायला बसणार नाही. तो पैसे पाठवल्याचे सांगेल आणि कर्ज किती उरले ते विचारेल. सेन्सॉरने नाकारलेले लिहायचे नाही, वडिलांना घाबरवणारे लिहायचे नाही, बायकोला लिहिले तर ते घरात कोण मोठ्याने वाचणार याचा विचार करायचा. एवढे सगळे वगळल्यावर जे उरते ते भात आणि छप्परच. पण ते भातही १९४३ चे आहे, हे विसरू नका. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडून येणारा तांदूळ बंद झाला होता, महागाई वाढत होती आणि मुंबईत रेशनिंग सुरू झाले होते. अशा वर्षी ‘भात पुरेल का ते कळवावे, न पुरल्यास कोणाकडे मागू नये, मी रुपये पाठवतो’ असे एखादे वाक्य आले, तर ते युद्धाविषयीचेच वाक्य आहे. रॉकेल मिळते का, लुगडी काय भावाने आहेत, असे जिथे जिथे विचारले असेल तिथे पेन्सिलीने खूण न करता वहीत उतरवून घ्या. प्रत्येक मनीऑर्डरची रक्कम आणि तारीख लिहून ठेवा. रक्कम वाढलेली दिसली तर बढती, कमी झाली तर कापलेला पगार किंवा आजारपण. हे अंदाज पुढे सेवानोंदीशी ताडून पाहता येतील. कोकणातल्या घरांचा मोठा काळ मनीऑर्डरवर चाललेला असताना आपल्याकडे तिचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो, आणि तुमच्या हाती तो आयता आला आहे.

लिफाफे पत्रांपासून वेगळे करू नका, हे आताच सांगतो. पाठवणाऱ्याच्या बाजूला बहुधा एक नंबर, हुद्दा आणि नाव असते. त्या नंबराशिवाय कोणत्याही कार्यालयाला नोंद शोधणे कठीण जाते. हुद्द्यावरून माणूस डेकवर होता, इंजिनघरात स्टोकर होता, तारयंत्रावर होता की भटारखान्यात, हे कळते, आणि आजोबांच्या रोजच्या दिवसाची कल्पना कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा त्यावरून अधिक येते. इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो: ‘आजोबा बोटीवर होते’ एवढेच घरात माहीत असेल तर ते नौदलात होते की व्यापारी जहाजावर, हे आधी ठरवा. कोकणातले असंख्य खलाशी, आगवाले, सारंग युद्धात मालवाहू जहाजांवर मेले. मुंबईच्या युद्धस्मारकाच्या नोंदवहीत समुद्रावर मृत्यू आलेल्या नौदलातल्या चारशेहून अधिक जणांची नावे आहेत, तर व्यापारी जहाजांवरच्या भारतीयांची संख्या सहा हजारांच्या आसपास जाते. घरात जुनी ‘नल्ली’, म्हणजे व्यापारी जहाजावरच्या खलाशाचे नोंदपुस्तक, सापडली तर आजोबा व्यापारी जहाजावरचे, आणि मग शोधाची वाट निराळी. ही नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात.

तुमच्या बाबतीत पुढचे दार जवळ आहे. नौसैनिकांच्या सेवानोंदी सांभाळणारे ब्युरो ऑफ सेलर्स हे कार्यालय मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये आहे. वारस म्हणून लेखी अर्ज करा, त्यात आजोबांचे पूर्ण नाव, नंबर, हुद्दा, मूळ गाव, सेवेचा अंदाजे काळ आणि तुमचे नाते लिहा, लिफाफ्याची छायाप्रत जोडा. १९४६ साली बाहेर पडलेल्या माणसाची नोंद लगेच सापडेल असे गृहीत धरू नका. अर्जाची भाषा नीट जमत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. निवृत्त सैनिकांच्या घरच्यांना मार्गदर्शन करणे हे त्यांचे कामच आहे. जहाजाचे नाव कळले की दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सशस्त्र दलांच्या अधिकृत इतिहासमालेतला नौदलावरचा खंड चाळा. तो १९६४ साली प्रसिद्ध झाला असून त्यात जहाजांच्या हालचाली तपशिलाने आल्या आहेत. बंडाची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. त्याचे कागद पाहायचे असतील तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोध घ्या, आणि तिथे आजोबांचे नाव मिळाले नाही तरी अकबर तळावर काय घडले ते मिळाले तर तेही पुष्कळ झाले. लंडनच्या अभिलेखागारांचा नाद एवढ्यात नको. इथले संपल्याशिवाय तिथे काय मागायचे हेच कळत नाही.

मोडीतली पत्रे तुम्ही बाजूला ठेवून दिली आहेत, आणि मला वाटते अधिक बोलणारी पत्रे त्यांतच असतील. बायकोच्या पत्रात माणूस काळजी करू नकोस म्हणतो. वडिलांच्या पत्रात कर्ज, वाटणी, नोकरी सोडू की नको, असे व्यवहाराचे प्रश्न येतात. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, आणि ठाणे-मुंबईत मोडी वाचणारी माणसे आजही आहेत. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी केलीत तर कोणाकडे जायचे ते कळू शकेल. मात्र मूळ पत्रे कोणाच्याही हाती देऊ नका, छायाचित्रे द्या.

आता आत्या. त्यांच्या म्हणण्याला तुम्ही ‘जुन्या वळणाचे’ म्हटले आहे. मला त्यात तथ्य दिसते, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष पटत नाही. त्या काळी परगावाहून आलेले पत्र फक्त नवरा-बायकोत राहत होते, हे गृहीतक थोडे तपासून घ्यावे. सेन्सॉरने ते वाचलेले, घरी आल्यावर ओटीवर सासऱ्यांनी किंवा दिरांनी वाचून दाखवलेले, कधी गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतलेले. आजोबांना हे माहीत होते आणि त्यांनी त्या हिशेबानेच लिहिले असणार. म्हणून पत्रे वाचली तर आजी-आजोबांचा विश्वासघात होईल, असे मला वाटत नाही. वाचा. एखादे पत्र मात्र वेगळे निघेल, आजीसाठी स्वतंत्र घडी करून आत घातलेले, किंवा मूल गमावल्याचे, किंवा घरातल्या भांडणाचे. ते वाचूनही कोणाला दाखवायचे नाही, असे तुम्ही ठरवू शकता. वाचणे आणि प्रसिद्ध करणे यांत तुमच्या घरात सध्या कोणी फरकच करत नाही. भाऊ दोन्ही एकदम करतो आहे आणि आत्या दोन्ही एकदम थांबवू पाहते आहे.

खाडीत सोडण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. उद्या मत बदलले तर परत आणता येणार नाही असा निर्णय दुःखाच्या पहिल्या वर्षात घेऊ नये. आत्यांशी वाद घालण्याऐवजी त्यांच्याकडे एखादे पत्र घेऊन जा. त्यांचे वय पाहता त्यांचा जन्म याच काळातला किंवा त्याच्या अगदी लगतचा आहे. म्हणजे साठांपैकी काही पत्रांत त्या असण्याचा संभव आहे, बारसे कधी केले, अंगी लागते का, दात आले का, अशा वाक्यांतून. आपल्याबद्दल वडिलांनी काय लिहिले होते, हे त्यांना कोणी कधी वाचून दाखवले आहे का? आधी ते वाचून दाखवा आणि बाकीचे विषय त्या दिवशी काढूच नका. पुढे त्या बोलत्या झाल्या तर आजीला वाचता येत होते का, पत्रे कोण वाचून दाखवी, उत्तर कोण लिही, आजोबा परतल्यावर काय काम करत, हे विचारा. आजीला मोठेपणी पाहिलेले असे दुसरे कोणी तुमच्या घरात उरलेले दिसत नाही. आणि एक कायद्याची बाजू: पत्राचा कागद ज्याला ते मिळाले त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. त्या वारसांत आत्याही येतात. त्यांना न विचारता पुस्तिका छापणे केवळ अशिष्ट ठरेल एवढेच नाही.

पत्रे जपण्याबद्दल थोडक्यात. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, डांबरगोळ्या घालू नका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पत्राच्या दोन्ही बाजूंची आणि लिफाफ्याची छायाचित्रे घ्या. पत्रे सपाट करून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा, पाकिटावर क्रमांक घाला, पत्रावर नको. ठाण्याच्या पावसाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेला आतून घाम सुटतो आणि कागदाला बुरशी लागते. ट्रंक शोभेला ठेवा, पत्रे कोरड्या कपाटात. तिकिटे संग्राहकांसाठी कापून देण्याचा मोह घरात कोणाला झालाच तर लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का तिकिटाबरोबर जातो, हे सांगा. तारीख आणि ठिकाण त्यातच असते.

इंग्रजांसाठी लढले याचा अभिमान की लाज, या प्रश्नावर माझे मत विचाराल तर तो प्रश्न तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, इतकेच सांगेन. फेब्रुवारी १९४६ मध्ये काम थांबवणारे खलाशी म्हणजे युद्धात त्याच झेंड्याखाली सेवा केलेलीच माणसे होती. बरोबरीने धोका पत्करल्यावरही ताटात काय वाढले जाते आणि हाक कशी मारली जाते, हे त्यांनी सहन केले आणि एका टप्प्यावर करायचे थांबवले. बंडाचा अभिमान धरायचा आणि त्याआधीची चार वर्षे लपवायची, हे जमणार नाही; बंड त्या चार वर्षांतूनच आले. आजोबा १९४२ साली भरती झाले, ज्या वर्षी देश ‘चले जाव’ म्हणत होता, हेही पुस्तिकेत स्पष्ट लिहा. त्यांनी तसे का केले याचे उत्तर मोडीतल्या पत्रांत कर्जाच्या रकमेच्या रूपाने सापडले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पुस्तिका व्हावी, असे मला वाटते. फक्त तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या छापा: पत्रांतला मजकूर जसाच्या तसा, कार्यालयांतून मिळालेली नोंद, आणि तुमच्या वडिलांनी सांगितलेली हकिगत त्यांच्या नावावर. ‘माझे वडील असे सांगत’ हे वाक्य खरेच आहे आणि ते लिहिल्याने त्यांचा मान जात नाही. ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्द मात्र नोंद मिळेपर्यंत थांबवा. केंद्र सरकारच्या सन्मान योजनेत नौदलाच्या बंडाचा समावेश आहे खरा, पण तिथे घरच्या सांगण्यावर काम होत नाही, कागद लागतो. आणि तुमच्याकडे तो अजून आलेला नाही. चुलतभावाशी हे बोलताना त्याची उमेद खच्ची होऊ देऊ नका, कारण मानखुर्दला खेटे घालायला कोणीतरी उत्साही माणूस लागणारच आहे. त्याने छायाचित्रांसाठी नेलेली ती दोन पत्रे आणि त्यांचे लिफाफे आधी परत मागून घ्या, नंबर कदाचित त्यांच्यावरच असेल.